खिडकीची घडण (लेखांक ७) : डिझायनरला न सापडणाऱ्या स्टाइली

रंग, अक्षरांचे आकार आणि बटणांची ठेवण प्रत्येक खिडकीत नव्याने लिहीत न बसता ती एका सामायिक रिसोर्स डिक्शनरीत एकत्र ठेवावी, असा आग्रह मागील लेखांकात धरला होता. तो मानून ज्यांनी आपले काम तसे लावून घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला लगोलग जी अडचण येते, तिचे निराकरण केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रोग्राम चालवला तर सर्व काही यथास्थित दिसते. परंतु तीच खिडकी व्हिज्युअल स्टुडिओच्या डिझायनरमध्ये उघडली की स्टाइलच्या नावाखाली नागमोडी रेघ उमटते आणि अमुक रिसोर्स सापडत नाही, अशी तक्रार खालच्या यादीत दाखल होते.

एका पतसंस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम मी करीत होतो, तेव्हाची गोष्ट. ‘रक्कम जमा करा’ हे बटण चालत्या प्रोग्राममध्ये हिरवे, ऐसपैस, अक्षरांभोवती मोकळी जागा राखणारे असे होते. डिझायनरमध्ये मात्र ते करडे, आखूड आणि अक्षरांना चिकटलेले दिसे. दोन दिवस मी स्टाइलची फाइल ओळीओळीने तपासली. दोष त्या फाइलीत नव्हताच. ती फाइल कोणी, कोठून आणि केव्हा मागवावी, या व्यवस्थेत तो होता.

२००६ साली डॉटनेट फ्रेमवर्क ३.० बरोबर आलेल्या डब्ल्यूपीएफमध्ये रिसोर्सचा शोध खालून वर जातो. बटणाने एखादी स्टाइल मागितली की प्रथम बटणाच्या स्वतःच्या संग्रहात, मग ते ज्या चौकटीत बसले आहे तिच्या, मग तिला सामावणाऱ्या मोठ्या चौकटीच्या, नंतर खिडकीच्या आणि सरतेशेवटी संपूर्ण अ‍ॅप्लिकेशनच्या संग्रहात, म्हणजे अ‍ॅप.झॅमल या फाइलीत, तिचा तपास होतो. गावच्या चावडीवर ज्याचा निकाल लागला नाही ते प्रकरण तालुक्याच्या आणि तेथून जिल्ह्याच्या कचेरीत जावे, तसाच हा क्रम आहे. त्यापलीकडे केवळ खुद्द प्रणालीच्या थीमचे दप्तर उरते, आणि त्यात आपल्या स्टाइलीची नोंद असण्याचे कारणच नाही.

आता मोठ्या कामात खिडक्या आणि कंट्रोल बहुधा वेगळ्या लायब्ररी प्रोजेक्टमध्ये ठेवलेले असतात, आणि लायब्ररीला अ‍ॅप.झॅमल नसते. प्रोग्राम चालतो तेव्हा मुख्य प्रोजेक्टची अ‍ॅप.झॅमल आधीच लागू झालेली असल्यामुळे लायब्ररीतील खिडकीला तिचा आश्रय आपोआप मिळतो. डिझायनर मात्र ती खिडकी तिच्याच प्रोजेक्टच्या हद्दीत उभी करतो, आणि त्या हद्दीत वरिष्ठ कचेरीच अस्तित्वात नसते. माझ्या बटणाचे नेमके हेच झाले होते. याच जातीचा दुसरा प्रसंग असा की, अ‍ॅप.झॅमल असते, पण डिक्शनऱ्या तिच्यात न लिहिता प्रोग्राम सुरू होतानाच्या कोडमधून जोडलेल्या असतात, डिझायनर अ‍ॅप.झॅमल वाचतो, आरंभीचे ते कोड चालवीत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने त्या डिक्शनऱ्या जोडल्याच गेलेल्या नसतात.

पत्त्यातील चूकही वरचेवर आढळते. दुसऱ्या असेंब्लीतील डिक्शनरी बोलवायची तर आधी तिरकी रेघ, मग असेंब्लीचे नाव, अर्धविराम, ‘कंपोनंट’ हा शब्द, पुन्हा तिरकी रेघ आणि त्यापुढे फाइलचा मार्ग, असा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. येथे फोल्डरचे नाव चालत नाही, असेंब्लीचेच लागते, आणि ही दोन नावे पुष्कळदा भिन्न असतात. शिवाय त्या फाइलची बिल्ड अ‍ॅक्शन ‘पेज’ आहे ना, तेही पाहावे. डिक्शनऱ्या जोडण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे: बटणांची डिक्शनरी स्टॅटिकरिसोर्सने रंगांच्या डिक्शनरीवर विसंबत असेल, तर रंगांची आधी जोडावी, आणि एकच नाव दोघींत असेल, तर शेवटी जोडलेलीचा अंमल चालतो.

यावर कित्येक जण स्टॅटिकरिसोर्सच्या जागी डायनॅमिकरिसोर्स लिहिण्याचा सल्ला देतात. मला तो मान्य नाही. स्टॅटिकरिसोर्स न सापडल्यास खिडकी उघडतानाच प्रोग्राम अडतो आणि चूक उघडकीस येते. डायनॅमिकरिसोर्स न सापडल्यास बटण निमूटपणे मूळ रूपात दिसते, आणि नावातील एका अक्षराची चूक ग्राहकाच्या संगणकापर्यंत बिनबोभाट पोचते. प्रत्येक खिडकीत डिक्शनरी स्वतंत्रपणे जोडण्याचा उपाय गुणकारी आहे खरा; परंतु प्रत्येक जोडणीगणिक तिची नवी प्रत स्मृतीत तयार होते, आणि खिडक्या वाढल्या की हा भार सोसवत नाही.

म्हणून लायब्ररीसाठी मी एकच मार्ग पसंत करतो. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीज फोल्डरमध्ये डिझाइनटाइमरिसोर्सेस.झॅमल या नावाची डिक्शनरी ठेवावी, तिच्यात सर्व सामायिक डिक्शनऱ्या योग्य क्रमाने जोडाव्यात, आणि प्रोजेक्टच्या फाइलीत तिच्या नोंदीवर ‘कंटेन्सडिझाइनटाइमरिसोर्सेस’ हा गुणधर्म ‘ट्रू’ करून, ती केवळ डिझायनरच्या वेळी विचारात घ्यावी अशी अट घालावी. ब्लेंड वापरणाऱ्यांना ही फाइल ते साधन स्वतःच करून देऊ शकते. चालत्या प्रोग्रामवर तिचा परिणाम होत नाही; अ‍ॅप.झॅमलच्या अभावी रिकामी राहिलेली जागा ती डिझायनरपुरती भरून काढते.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की ही फाइल ठेवल्यावर संपूर्ण सोल्यूशन एकदा बिल्ड करावे, उघडी असलेली खिडकी बंद करून पुन्हा उघडावी, आणि त्यानंतरच स्टाइलच्या फाइलीला हात लावावा.