गच्चीवरचा सोलर आजारी आहे!

पुण्याहून रात्रभर ट्रेनने प्रवास, डिसेंबरातली वर्ध्याची थंडी, आणि घरी पोचल्या पोचल्या अंगावर घेतलेला पहिला तांब्या... बर्फासारखा गार! माझं नेमकं हेच झालं. ‘‘सोलर बंद पडलं ना बाप्पा, महिना झाला,’’ आईने बाहेरून सांगितलं. बाबांनी तर सोल्यूशनही शोधून ठेवलेलं. मेकॅनिक म्हणाला होता, पूर्ण युनिट बदला. म्हणून जुनं भंगारात आणि त्याऐवजी बाथरूममध्ये गॅस गिझर!

इथे मी चक्क भांडले. तुमच्याही घरी असा प्लॅन शिजत असेल तर जरा थांबा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर आतला ऑक्सिजन संपवत जातो, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. चक्कर आल्याचं कळेपर्यंत कडी काढायचीही ताकद उरत नाही. हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. गॅस गिझर बसवायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बस्स.

मग शेजारच्या ओळखीतले एक प्लंबरकाका आले, तेही भल्या सकाळी. कारण उन्हात तापलेल्या रिकाम्या काचेच्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं, की ती तडकतेच. त्यांनी पाण्याची लाइन बंद केली, टाकी रिकामी केली आणि एक ट्यूब उपसली. आत गाळ आणि पांढरा थर! आमचं पाणी बोअरचं, म्हणजे जड. ते तापलं की त्यातले क्षार बाहेर पडून चिकटतात. चहाच्या किटलीत बसतो ना, तोच थर. हेल्थ क्लबच्या हीटेड स्विमिंग पूललाही हाच ताप असतो बरं का. क्षार वाढले तर हीटरच्या नळ्या चोंदतात आणि पाणी आम्लधर्मी झालं तर तांब्याच्या नळ्या चक्क झिजतात. (मे महिन्यात वर्ध्यात पूलला हीटर लागत नाही, ही गोष्ट वेगळी!)

खरी गंमत पुढे. ट्यूबच्या तळाशी बाहेरून चंदेरी पट्टा दिसतो. तो पांढरा पडला, की समजायचं काचेच्या दोन भिंतींमधला व्हॅक्यूम गेला आणि ती ट्यूब मेली. आमच्या दोनच ट्यूब मेल्या होत्या. तेवढ्याच बदलल्या, बाकीच्या सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने धुतल्या, रबरी रिंगा नवीन टाकल्या. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही पार झिजला होता. टाकीऐवजी स्वतः गंजून घेणं हीच त्याची ड्यूटी, त्यामुळे तो अधूनमधून बदलावाच लागतो. हवेचा उभा पाइपही मोकळा केला.

टाकीला खालून भोकं पडली असती तर मात्र मीही ‘नवीन घ्या’ म्हटलं असतं. तिथे वेल्डिंगवर पैसे घालवू नका.

दुसऱ्या दिवशी ऊन छान पडलं. संध्याकाळी नळाखाली हात धरला आणि ओरडूनच मागे घेतला. आता बाबा दर रविवारी गच्चीवर चक्कर मारतात आणि फोनवर रिपोर्ट देतात, ‘‘चांदी आहे अजून!’’