काचेची प्लेट, एकशेवीसचा रोल आणि स्कॅनर

फिल्म स्कॅनर निगेटिव्हमधून आरपार आलेला उजेड मोजतो. कागदाचा स्कॅनर कागदावर पडून परतलेला उजेड मोजतो. दोन यंत्रे बाहेरून सारखी दिसली तरी कामात त्यांचे गोत्र वेगळे आहे. कागदी छायाचित्रातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागात शंभर-दीडशे पटींचा फरक असतो. रंगीत स्लाइडमध्ये तो हजारांत जातो आणि गडद उतरलेल्या जुन्या काचेच्या निगेटिव्हमध्येही पुष्कळ असतो. म्हणून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्यासारखी जुनी कागदपत्रे ज्या यंत्रावर उत्तम निघतील, त्याच यंत्रावर फोटो स्टुडिओतली काच ठेवली तर हाती काळा चौकोन येतो.

खानदेशात हा विषय केवळ हौशी छायाचित्रकारांपुरता नाही. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ एकांतवासात राहून आयुष्यभर छायाचित्रण केले. टेबलावर छोट्या वस्तूंची मांडणी करून विस्तीर्ण देखाव्याचा आभास उभा करणारी त्यांची ‘टेबल टॉप’ छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या वास्तूत आता कलादालन आहे. अशा संग्रहाखेरीज जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ येथल्या जुन्या स्टुडिओंचा धंदाही डिजिटल कॅमेरा येईपर्यंत निगेटिव्हवरच चालला. लग्ने, शाळांचे ग्रुप फोटो, पासपोर्टचे चेहरे, उद्घाटने असा जिल्ह्याचा निम्मा सामाजिक इतिहास त्या पाकिटांत असतो. चित्राची प्रत करून ठेवण्याचे मोल या भागाला नवे वाटू नये. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती रंगवण्यात रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे घालवली आणि त्यातल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे त्याने लेण्यांची छायाचित्रे घेतली. १८७९ मध्ये तो वारला; त्याचे थडगे भुसावळला आहे.

स्कॅनर निवडण्याआधी निगेटिव्हचा आकार पाहावा लागतो. मीडियम फॉरमॅट म्हणजे व्यवहारात एकशेवीसचा रोल. कोडॅकने तो १९०१ मध्ये आणला. त्याची रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर असते आणि ‘सहा बाय सहा’ म्हटली जाणारी चौकट प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटर भरते. घरोघरी पोचलेला, बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री असो की स्टुडिओतला यशिका मॅट किंवा रोलीफ्लेक्स असो, त्यांत हाच रोल पडे. लार्ज फॉरमॅटमध्ये चार बाय पाच इंचांची शीट फिल्म येते. जुन्या स्टुडिओंतली क्वार्टर प्लेट (सव्वातीन बाय सव्वाचार इंच), हाफ प्लेट (पावणेपाच बाय साडेसहा) आणि फुल प्लेट (साडेसहा बाय साडेआठ) याच गटातली. हाफ प्लेट हा स्टुडिओंचा आवडता आकार होता. तिची कॉन्टॅक्ट प्रिंट थेट फ्रेममध्ये बसे आणि पेन्सिलीने रिटचिंग करायला चेहरा पुरेसा मोठा मिळे.

मोठ्या निगेटिव्हची एक सोय अशी की तिला स्कॅनरची फार ताकद लागत नाही. दर इंचाला २,४०० ठिपके वाचणाऱ्या यंत्रावर ३५ मिलिमीटरच्या चौकटीतून पाऊणेक कोटी ठिपके मिळतात, सहा बाय सहातून २.८ कोटी आणि चार बाय पाचमधून साडेअकरा कोटी. शेवटच्या फाइलमधून इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ३२ बाय ४० इंचांचे प्रिंट निघते, म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवर जेवढा फोटो मावेल तेवढा. ३५ मिलिमीटरसाठी अपुरे ठरणारे यंत्र मोठ्या निगेटिव्हला पुरून उरते ते यामुळे. खोक्यावर छापलेल्या आकड्याला भुलून खर्च करणारे हीच गोष्ट विसरतात.

तो आकडा तसाही जपून वाचावा. यंत्र इंचाला किती नमुने घेते, एवढेच तो सांगतो. त्यातले किती तपशील खरे उतरतात ते सांगत नाही. खरी मोजणी बारीक रेघांचे गट छापलेल्या चाचणीपट्टीवर होते. फिल्म स्कॅनरच्या मोजणीसाठी आयएसओ १६०६७-२ हे मानकही आहे. एप्सन परफेक्शन व्ही ८५० या सपाट स्कॅनरवर ६,४०० चा आकडा असतो, पण चाचणीपट्टीवर तो २,३०० ते २,६०० च्या आसपास थांबतो. त्यापुढे फाइल फुगते, चित्र वाढत नाही. म्हणून अशा यंत्रावर २,४०० ला स्कॅन करणे किंवा ४,८०० ला करून निम्म्यावर आणणे शहाणपणाचे.

सपाट म्हणजे फ्लॅटबेड स्कॅनर हा सर्वांत परवडणारा प्रकार. खाली काच, वर झाकणात दिवा आणि काचेखाली सरकणारी संवेदकांची ओळ, एवढाच त्याचा पसारा. एप्सनची या कामासाठीची घराणी दोन. व्ही ६०० (२००९) च्या झाकणातला दिवा अरुंद असल्याने ते एकशेवीसच्या रोलपर्यंतच चालते. हाफ प्लेट त्यावर एका दमात निघत नाही. व्ही ७०० (२००६) आणि तिच्या जागी २०१४ मध्ये आलेल्या व्ही ८०० व ८५० मध्ये आठ बाय दहा इंचांपर्यंतचे निगेटिव्ह वाचता येते. व्ही ८०० पासून दिवा एलईडीचा झाला, त्यामुळे तो तापेपर्यंत थांबावे लागत नाही. खंडित विजेच्या भागात ही छोटी सोय नाही.

या दुसऱ्या घराण्यातल्या यंत्रांत भिंगे दोन असतात. होल्डरमध्ये फिल्म लावली की जास्त बारीक वाचणारे भिंग काम करते आणि त्याची नजर काचेच्या सुमारे तीन मिलिमीटर वर असते. फिल्म थेट काचेवर ठेवण्याचा पर्याय निवडला की दुसरे, पूर्ण रुंदी व्यापणारे भिंग काम करते आणि त्याची नजर काचेवरच असते. चुकीच्या पर्यायाने काढलेले चित्र मऊ येते आणि दोष निगेटिव्हवर ढकलला जातो. होल्डरला उंची कमीजास्त करायची छोटी सरकती पावले दिली आहेत ती यासाठीच. तीन वेगवेगळ्या उंचीवर एकच निगेटिव्ह काढून, पडद्यावर पापणीचे केस किंवा साडीचा काठ शंभर टक्के मोठा करून पाहिला की योग्य उंची कळते. ही चाचणी एकदाच करायची असते, आणि तीच बहुतेक जण करत नाहीत.

काचेची प्लेट वाचायला सपाट स्कॅनरसारखे दुसरे तयार यंत्र नाही. प्लेटचा लेपाचा भाग म्हणजे मंद, किंचित खडबडीत बाजू. प्लेट तिरपी धरून उजेडात पाहिली की काचेची बाजू आरशासारखी चमकते आणि लेपाची चमकत नाही. लेप खाली करून, पण यंत्राच्या काचेला न टेकवता, चारही कडांना जाड कागदाच्या पट्ट्या देऊन प्लेट ठेवतात. दोन गुळगुळीत पृष्ठे एकमेकांना चिकटली की चित्रावर इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात. त्यांना न्यूटनची वर्तुळे म्हणतात. भोवती काळ्या कागदाची चौकट घालणेही गरजेचे, नाहीतर कडेने येणारा भटका उजेड सावल्यांमध्ये शिरतो. पेन्सिलीने केलेले रिटचिंग या उजेडात ठसठशीत दिसते. गालावरच्या बारीक रेघा पाहून फाइल बिघडली असे वाटते, पण तो जुन्या स्टुडिओतल्या कारागिराचा हात असतो. तो पुसून टाकू नये.

केवळ फिल्मसाठी बनवलेल्या यंत्रांत निकॉन सुपर कूलस्कॅन ९००० ईडी (२००४) चे नाव अजून आदराने घेतले जाते. ते इंचाला ४,००० ठिपके वाचते आणि तो आकडा बऱ्याच अंशी खरा उतरतो. सहा बाय सातच्या चौकटीतून जवळपास पावणेदहा कोटी ठिपके मिळतात. पण त्यात रोलच्या फिल्मपेक्षा मोठे काही जात नाही, निकॉनने ते बनवणे केव्हाच थांबवले आणि जोडणी फायरवायरची असल्याने जुना संगणकही सांभाळावा लागतो. जुने यंत्र विकत घेताना दुरुस्ती करणारा माणूस सापडेल का, हा प्रश्न किमतीआधी विचारावा. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म १२० (२०१३) त्याच वर्गातले. त्यावर ५,३०० चा आकडा आहे. तेही रोलपुरतेच.

या यंत्रांचे एक मोठे आकर्षण म्हणजे धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी ‘डिजिटल आइस’सारखी सोय. यंत्र इन्फ्रारेड किरणांनी फिल्म पुन्हा एकदा वाचते. रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ अडवते. म्हणून धुळीचा नकाशा वेगळा मिळतो. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्रच चांदीच्या कणांचे असते आणि चांदी ते किरण अडवते. यंत्राला सगळे चित्रच धूळ वाटते. खानदेशातल्या जुन्या संग्रहांचा बहुतांश भाग कृष्णधवल असल्याने ही सोय येथे जवळपास निरुपयोगी आहे. त्याऐवजी हवेचा फुगा, मऊ ब्रश आणि धीर हवा. एप्रिल-मेच्या वाऱ्यात खिडक्या उघड्या ठेवून हे काम करू नये. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतूही हवेत असतात. पावसाळ्यात आणलेल्या निगेटिव्हवर बुरशी असली तर ती ओल्या कापडाने मुळीच पुसू नये, कारण बुरशीने खाल्लेला जिलेटिनचा थर पाण्याने सुटून येतो.

यांच्या वरच्या पायरीवर डेन्मार्कच्या इमाकॉनने सुरू केलेला आणि पुढे हॅसलब्लाडच्या नावाने विकला गेलेला फ्लेक्सटाइट येतो. त्यात फिल्म लवचीक चौकटीत धरून कमानीसारखी वाकवतात. वाकलेली फिल्म वाचण्याच्या रेषेवर ताठ राहते आणि मध्ये काच लागत नाही. एक्स ५ हे रूप ३५ मिलिमीटरला ८,०००, सहा बाय सहाला ३,२०० आणि चार बाय पाचला सुमारे २,०४० ठिपके देते. आकार वाढतो तसा आकडा घटतो, कारण संवेदकांची ओळ तेवढीच असते. त्याचेही उत्पादन बंद झाले आहे.

ड्रम स्कॅनर हा या सगळ्यांचा आजोबा. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो १७६ बाय १७६ ठिपक्यांत संगणकात उतरवला, तोही फिरत्या ड्रमवर. पुढे छपाईसाठी रंगांची फोड करणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये ही यंत्रे बसली. पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळकांड्यावर फिल्म तेलासारख्या द्रवाने चिकटवतात, नळकांडे वेगाने फिरते आणि फोटोमल्टिप्लायर नळी एकेक ठिपका वाचते. गडद भागातला तपशील काढण्यात तिची बरोबरी अजून कठीण आहे. द्रवामुळे बारीक ओरखडेही भरून निघतात. पण एक फिल्म लावणे, वाचणे आणि धुणे यात बराच वेळ जातो, चालवणारा कसबी लागतो आणि सुटे भाग जुन्या यंत्रांतून काढावे लागतात. मुख्य म्हणजे काच वाकत नाही. हाफ प्लेटच्या काचेला ड्रमवर जागा नाही, फ्लेक्सटाइटमध्येही नाही. महागडे ते सर्वांत चांगले, हा हिशेब येथे कोलमडतो.

गेल्या काही वर्षांत स्कॅनरऐवजी डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो घेण्याची पद्धत रुळली आहे. उभ्या स्टँडवर खाली तोंड केलेला कॅमेरा, मॅक्रो भिंग आणि खाली रंग शुद्ध दाखवणारे एलईडीचे पाट. दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा साधा कॅमेरा सहा बाय सहाच्या चौकटीतून इंचाला सुमारे १,८०० ठिपके काढतो, हाफ प्लेटमधून मात्र एका फोटोत साडेआठशेच्या आतच. चार-सहा तुकड्यांत फोटो घेऊन संगणकावर जोडले की हा आकडा वाढतो. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत का, ते पाटावर छोटा आरसा ठेवून पाहतात. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या अगदी मध्यावर दिसले पाहिजे. वेग ही या पद्धतीची खरी ताकद. सपाट स्कॅनरवर एका प्लेटला मिनिटे जातात, कॅमेऱ्याला सेकंद. शिवाय कॅमेरा बहुतेक स्टुडिओंकडे आधीपासूनच असतो. ढोबळ सूची आधी करायची आणि निवडक निगेटिव्ह नंतर बारकाईने वाचायची, अशा संग्रहाला यासारखे दुसरे साधन नाही.

यंत्र कोणतेही असो, फाइल १६ बिटच्या टिफमध्ये ठेवावी. हाफ प्लेट २,४०० ला कृष्णधवल काढली तर एक फाइल साडेतीनशे मेगाबाइटच्या आसपास जाते. काच फुटलेली असेल तर तुकडे जुळवून एकदा आणि एकेक वेगळा असा दोनदा स्कॅन करावा. फाइलचे नाव स्टुडिओच्या नोंदवहीतल्या क्रमांकावरून द्यावे. पाकिटावर गिऱ्हाईकाचे नाव, तारीख आणि प्रतींची संख्या लिहिलेली असते. त्या पाकिटाचाही एक फोटो घ्यावा, कारण पुढे ओळख पटवायला तेवढाच आधार राहतो. जुन्या फिल्मला आंबूस व्हिनेगरचा वास येत असेल तर ती आधी घ्यावी. ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे आणि जळगावच्या उन्हाळ्यात तो अधिक वेगाने कुजतो, असा त्याचा अर्थ.

खानदेशातल्या एखाद्या संस्थेला किंवा स्टुडिओला एकच यंत्र घ्यायचे असेल तर आठ बाय दहापर्यंत वाचणारा सपाट स्कॅनर घ्यावा. रोल, शीट आणि काच या तिन्ही वस्तू त्यावर निघतात. हजारो निगेटिव्ह असतील तर जोडीला कॅमेऱ्याचे स्टँड उभारावे. प्रदर्शनासाठी भिंतभर मोठी करायची मोजकी चित्रे फिल्मवर असतील तरच ती ड्रमसाठी बाहेरगावी पाठवावीत. स्कॅन झाले म्हणून मूळ निगेटिव्ह रद्दीत काढू नये. पुढचे यंत्र त्यातून आजच्यापेक्षा जास्त काढू शकेल.