ॲल्युमिनियमचा जोड कुठे तुटतो? कोटेशन देण्याआधी समजून घ्या



इलेक्ट्रिक गाड्यांचे बॅटरी ट्रे, कूलिंग प्लेट, रेल्वे डब्यांचे पॅनल... या कामांत 'फ्रिक्शन स्टर वेल्डिंग' हे नाव सारखं कानावर येतं. 1991 मध्ये इंग्लंडमधल्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट'मध्ये ही पद्धत निघाली. फिरणारं टूल दोन शीटच्या सांध्यावर दाबून पुढे सरकवायचं. घर्षणाने धातू मऊ होतो, ढवळला जातो आणि एकजीव होतो, पण वितळत नाही. म्हणून फिलर वायर लागत नाही आणि शीट वाकडी होण्याचं प्रमाणही कमी असतं.

इथपर्यंत छान. पण ग्राहक पैसे देतो ते जोडाच्या ताकदीचे!

6061-टी6 शीट घ्या. तिची ताकद साधारण 310 मेगापास्कल असते. जोडल्यावर बहुतेक वेळा त्यातली 65 ते 80 टक्केच उरते. कारण ही ताकद हीट ट्रीटमेंटमधून आलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती उतरते. खेचून बघा, तुकडा सहसा जोडाशेजारच्या मऊ पट्ट्यात तुटतो. 5083 ची मऊ शीट असेल, तर चांगला जोड मूळ शीटच्या जवळपास ताकद देतो.

आता गंज. 2024 आणि 7075 या मजबूत मिश्रधातूंत उष्णता लागलेल्या पट्ट्यात गंज धातूच्या कणांच्या सीमांवरून आत शिरतो. वरून जोड चकचकीत दिसत असला, तरी आत कमजोर होत जातो. खाऱ्या हवेत धोका जास्त.

म्हणून कोटेशनआधी चार गोष्टी करा:

1. शीटचा ग्रेड आणि टेम्पर लेखी घ्या. नुसतं 'ॲल्युमिनियम' चालणार नाही.
2. भाग कुठे वापरणार, ते विचारा. पाणी, मीठ, केमिकल?
3. नमुना जोडून टेन्साइल आणि बेंड टेस्ट करून घ्या. खालच्या बाजूला न जुळलेली फट बेंड टेस्टमध्ये उघडी पडते. गरज असेल तिथे गंजाची टेस्टही करा.
4. टेस्टिंग, फिक्स्चर आणि वरच्या कोटिंगचा खर्च दरात धरा.

अजून एक. ताकद कमी पडली तर शीट जाड घ्यावी लागते. हा हिशोब ऑर्डर घेतल्यावर कळला, तर नफा तिथेच संपला म्हणून समजा. आधी कळला, तर ग्राहकाला योग्य सल्ला देणारे तुम्हीच ठराल. पुढची ऑर्डर अशा विश्वासावरच येते!