सभाधीटपणा येतो कुठून?

वक्तृत्वाच्या वर्गात पहिल्या दिवशी हमखास ऐकू येतं, ‘सर, माझी भीती घालवून द्या.’ पहिला गैरसमज इथेच आहे. बोलायला उभं राहिलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. हे ॲड्रेनलिनचं काम आहे आणि ते मुरलेल्या वक्त्यालाही चुकत नाही. वर्गात जातो तो भीतीचा वचक. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं, धडधड सुरुवातीलाच कळसाला जाते आणि बोलता बोलता ओसरते. हे वाचून पटत नाही, अनुभवावंच लागतं. बोलणं टाळलं तर तेवढ्यापुरती सुटका होते, पण भीती पुढच्या खेपेला जास्त बळावते.

‘माझी थरथर सगळ्यांना दिसते’ हा गैरसमज सर्वांत जाचक. बचत गटाच्या एक ताई अहवाल वाचून खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, ‘सर, पाय लटपटत होते हो, सगळे बघत होते.’ मी मोबाइलवरचं चित्रीकरण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं. पाय स्थिर होते. हलत होता फक्त हातातला कागद. पुढच्या वेळी आम्ही तो पुठ्ठ्यावर चिकटवला. आपली घालमेल समोरच्याला आपल्याला वाटते त्याहून बरीच कमी कळते, हे केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी तपासून दाखवलं आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ज्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं अधिक चांगली झाली. म्हणून मी ती पहिल्याच दिवशी सांगतो.

बोलणं उपजत असावं लागतं, असंही म्हणतात. 1891 मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीला उभे राहिले, तेव्हा त्यांचं डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. 30 रुपये फी परत घ्या आणि दुसरा वकील पाहा, असं सांगून ते निघून आले. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहिलं आहे. 1893 मध्ये प्रिटोरियात मात्र तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोलले, व्यवहारातल्या सचोटीवर. तो विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा होता.

काही वर्गांत फळ्यावर लिहितात : शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि हावभाव. हा आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतला. ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी कळते, एवढ्यापुरते होते. भाषणाला तो लावणं चूक आहे. तेव्हा मुद्द्यांची तयारी हवीच. पण शब्दन् शब्द पाठ नको, एक निसटला की पुढचे सगळे अडतात. पहिली दोन वाक्यं तेवढी पक्की करावीत.

वर्ग निवडताना सर्टिफिकेटची चौकशी नंतर करा. आधी विचारा, दर खेपेला प्रत्येकाला उभं राहून किती मिनिटं बोलायला मिळतं? आणि भीतीपायी कॉलेज किंवा नोकरीच सोडावीशी वाटत असेल, तर वर्गाच्या आधी समुपदेशकाला भेटा.