डाव्या हाताची अस्पृश्यता

मोहोळच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवताना आमच्या हाती जुनी खरेदीखते येतात. शेवटी विकणाऱ्याच्या नावाजवळ शाईचा ठसा आणि शेजारी लिहिलेले असते, 'निशाणी डावा अंगठा'. निरक्षर पुरुषाचा डावाच अंगठा घ्यायचा, ही रीत. महार वतनाच्या कितीतरी जमिनी अशाच ठशांवर हातच्या गेल्या. गंमत पाहा, याच डाव्या हाताने प्रसाद घेतला तर देव बाटतो, दुकानदाराला पैसे दिले तर लक्ष्मी रुसते. कर्जरोख्याला मात्र तो चालतो!

'डावे-उजवे करणे' म्हणजे भेदभाव, 'डावलणे' म्हणजे बाजूला सारणे, 'उजवा' म्हणजे सरस. भाषेतच निकाल लागलेला आहे. शरीर एक, रक्त एक. पण एका हाताने जेवायचे, दुसऱ्याने धुवायचे, आणि धुणारा तो अपवित्र! वर्णव्यवस्था याहून वेगळे काय सांगते? त्यातही माणूस पाहून न्याय बदलतो. अर्जुन दोन्ही हातांनी बाण चालवतो म्हणून त्याला 'सव्यसाची' ही पदवी. एकलव्याचा मात्र उजवा अंगठाच गुरुदक्षिणा म्हणून मागून घेतला जातो.

क्रिकेटपटू बाळू पालवणकर यांचे उदाहरण तर इतिहासातले आहे. 1876 साली चर्मकार समाजात जन्मलेले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. गोऱ्यांना हरवायला हिंदूंच्या संघाला त्यांचा डावा हात हवा होता. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलत. पण पुण्यात चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी संघाचे कर्णधारपद त्यांच्या नावावर लागले नाही. पुढे 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते पडले, हा भाग वेगळा. त्यामुळे मातीच्या भांड्याचा अन्याय खोटा ठरत नाही.

हे झाले सवर्णांचे. आपल्या घरांचे काय? 1956 साली आपण देव सोडले, नवस सोडले. तरी विहारात खीर वाटताना पोराने डावा हात पुढे केला की आजी खेकसते, 'उजवा कर!' बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात डाव्या हातावर पट्टी बसते. साधारण दहांत एक मूल निसर्गतःच डावखुरे असते. तो रोग नव्हे, वाईट खोडही नव्हे. अंगठ्यावरून सहीपर्यंत यायला आपल्या माणसांच्या पिढ्या गेल्या. आता पोराने सही कोणत्या हाताने करावी, यावरून छड्या कशाला?

शाळेत तर हा सरळ कायद्याचा भंग आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. डाव्या हाताने लिहितो म्हणून कोणी मारत असेल, तर पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. दखल घेतली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. मोहोळ तालुक्यात अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत.