ग्रंथालयात फिरणारी मोटर

विजेची मोटर घरी बनवता येते, हे तुम्ही वाचले असेलच. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढेच सामान! पुस्तक सांगते, ‘तारेच्या एका टोकावरचे एनॅमल पूर्ण खरवडा, दुसऱ्यावरचे अर्धेच.’ पण अर्धे म्हणजे कोणते? अर्ध्या लांबीचे की अर्ध्या गोलाईचे? नेमके इथेच घोडे अडते.

पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती तयार केल्या. इंटरनेटवर त्या विनामूल्य पाहता येतात. मराठीतही आहेत. चित्रफितीत खरवडणारा हात दिसला की शंका फिटते. वेटोळे उभे धरून तारेची वरची अर्धी गोलाईच खरवडायची. मग प्रत्येक फेरीत अर्धा वेळच वीज वाहते आणि उरलेली अर्धी फेरी वेटोळे मिळालेल्या गतीने पुरी करते.

पण खेड्यातल्या वाचनालयात इंटरनेट रखडत चालत असेल तर? थोडे गणित करू. पडद्यावरील एका चित्रात १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाचे १५ कोटींहून अधिक बाइट झाले! एवढे सगळे पाठवावे लागत नाही. हात हलतो, पण टेबल जागेवरच असते. म्हणून मुख्यतः बदललेला भागच पाठवतात. मग सेकंदाला सुमारे ६ लाख बाइटही पुरतात. दोन मिनिटांची चित्रफीत सात-सव्वासात कोटी बाइटांत मावते. निर्मात्याची परवानगी असेल, तर ग्रंथपालांनी ती एकदाच उतरवून घ्यावी. पुढे इंटरनेट नसतानाही चाळीस मुलांना ती कितीदाही दाखवता येईल. मात्र फुकट पाहता येते ते सारेच उतरवून घेता येते, असे समजू नका.

नुसते पाहून भागेल का? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यातूनच ‘नई तालीम’ उभी राहिली. ती आठवण वर्धा जिल्ह्यातील वाचनालयांनी जरूर ठेवावी. चित्रफीत लावावी, खरवडण्याच्या दृश्याशी थांबवावी, मुलांच्या हाती तार द्यावी आणि शेजारी चुंबकत्वाचे पुस्तक उघडून ठेवावे.

मग तुमच्या ग्रंथपालांना विचारणार ना? मोटर फिरली की तुम्हीच तिची चित्रफीत काढा, आपल्या बोलीत समजावून सांगा आणि वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती उपयोगी पडेल. मात्र वेटोळे अडले तर सेल लगेच काढा, कारण तार तापते.

आणि हो, दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर काय होईल? उत्तर करूनच शोधा!