लेसर प्रिंटरमधला फिरता आरसा

लेसर प्रिंटरमधून कागदावर उमटणारे प्रत्येक अक्षर आधी एका ड्रमवर प्रकाशाने लिहिले जाते. प्रकाशसंवेदी लेप असलेल्या या ड्रमवर प्रथम ऋण विद्युतभार पसरवला जातो. लेसर जेथे पडतो तेथील भार ओसरतो आणि नेमक्या त्याच जागी टोनरची पूड चिकटते.

हे लेखन स्कॅनर युनिट नावाच्या बंद पेटीतून होते. लेसर डायोडमधून निघणारा, बहुधा ७८० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा किरण भिंगाने समांतर करून चार किंवा सहा पैलूंच्या फिरत्या आरशावर सोडला जातो. प्रत्येक पैलू किरणाला ड्रमच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत एक ओळ आखतो आणि तेवढ्यात ड्रम किंचित पुढे वळलेला असल्याने पुढची ओळ तिच्या शेजारी पडते. वाटेतला एक संवेदक प्रत्येक ओळीच्या आरंभाची वेळ ठरवतो, म्हणून समास सरळ राहतो. इंचाला ६०० ठिपके असतील, तर ए-फोर कागदाच्या २९७ मिलिमीटर लांबीत सुमारे ७,००० ओळी बसतात. एकाच किरणाने मिनिटाला २० पाने छापायची, तर सहा पैलूंच्या आरशाला मिनिटाला २३,००० हून अधिक फेरे घ्यावे लागतात.

आरसा एकसमान वेगाने फिरत असला, तरी साध्या भिंगातून आलेला ठिपका ड्रमच्या कडांकडे अधिक वेगाने धावतो आणि अक्षरे ताणली जातात. ‘एफ-थीटा’ भिंगाची घडण अशी असते की ठिपक्याचे अंतर किरणाच्या कोनाच्या थेट प्रमाणात राहते आणि हा दोष दूर होतो.

याहून बिकट प्रश्न पैलूंच्या कलाचा आहे. एखादा पैलू अंशाच्या साठाव्या भागाइतका जरी कलला, तरी ३०० मिलिमीटरवरील ड्रमवर ठिपका सुमारे ०.१७ मिलिमीटर, म्हणजे चार ओळींइतका सरकू शकतो. इतके निर्दोष आरसे घडवणे अतिशय महाग पडले असते. झेरॉक्स कंपनीत लेसर प्रिंटर साकारणारे अभियंते गॅरी स्टार्कवेदर यांनी त्यावर दंडगोलाकार भिंगाचा उपाय योजला. आजच्या रचनेत असे एक भिंग किरणाला पैलूवर बारीक रेषेच्या रूपात एकवटते आणि पुढील भिंगे त्या रेषेचीच प्रतिमा ड्रमवर पाडतात. त्यामुळे परावर्तित किरण थोडा वर किंवा खाली गेला, तरी भिंगे त्याला पुन्हा त्याच ओळीवर आणतात.

झेरॉक्सने १९७७ साली ‘९७००’ हा प्रिंटर बाजारात आणला आणि पुढे हे यंत्र सामान्य कार्यालयांच्या टेबलापर्यंत पोहोचले. आरसा निर्दोष करण्याच्या अट्टहासापेक्षा त्याचा दोष निरुपद्रवी ठरेल अशी रचना शोधणे, हेच या यंत्रामागचे खरे अभियांत्रिकी यश होय.